संशयाची वही

इ. स. १८५३ च्या मे महिन्यात, कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि तेव्हापासून अर्धशतकभर या मुलखाची कायदेशीर अवस्था मोठी चमत्कारिक राहिली. जमिनीचे स्वामित्व निजामाचे, अंमल इंग्रजांचा आणि सर्वांवर हुकमत हैदराबादच्या रेसिडेंटची, असा तो कारभार होता. कलकत्त्याच्या कौन्सिलात मंजूर झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, कारण कागदोपत्री हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. एकेक कायदा सरकारी हुकमाने येथे आणून लावला जाई. बासिम म्हणजे वाशिम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा बासिम जिल्हा त्या काळच्या नकाशावर होता. १९०५ साली तो मोडला, पहिले दोन तालुके अकोल्यात आणि पुसद यवतमाळच्या बाजूला गेले, आणि वाशिमकरांना आपला जिल्हा परत मिळण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. प्रस्तुत हकीकतीचे धागे कलकत्त्यापासून नाशिकपर्यंत पसरलेले असले, तरी त्यांचे एक टोक या वऱ्हाडी तालुक्यांतल्या पारधी बेड्यांत आणि तांड्यांत अडकलेले आहे, म्हणून आरंभी हा भूगोल सांगितला.

कलकत्त्यास १८६९ ते १८७२ या अवधीत सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदामंत्री होते. बुद्धिमान, परखड आणि राज्यकर्त्याच्या कर्तव्याविषयी कमालीचे निःशंक असे हे गृहस्थ. त्यांच्या कारकीर्दीत अवघ्या पाच महिन्यांच्या अंतराने दोन कायदे मंजूर झाले, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता एकाच दरबारातून परस्परांविरुद्ध निघालेली ही दोन फर्माने आहेत की काय, असा भास होतो. पहिला १८७१ च्या ऑक्टोबरातला गुन्हेगार जमातींचा कायदा. एखादी जमात, टोळी अथवा वर्ग गंभीर गुन्हे पद्धतशीरपणे करण्यास सोकावला आहे असे प्रांतिक सरकारास वाटले, तर तसे जाहीर करण्याचा अधिकार त्याने दिला, आणि एकदा जाहीरनामा निघाला की त्याच्या ग्राह्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारू नये असा निर्बंधही घातला. दुसरा १८७२ च्या मार्चमधला पुराव्याचा कायदा. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, आणि आरोपीची चालचलणूक वाईट आहे ही गोष्ट त्याच्या अपराधाच्या निर्णयात गैरलागू आहे, असे त्याने निक्षून सांगितले. म्हणजे माणूस न्यायालयाच्या पायरीवर उभा असेल तर त्याची बदनामी विचारात घ्यावयाची नाही. परंतु तो ज्या आईच्या पोटी जन्मला तिची जमात जाहीरनाम्यात असेल, तर त्याला न्यायालयाच्या पायरीपर्यंत येऊ देण्याची गरजच नाही.

या पहिल्या कायद्याचे खरे शस्त्र म्हणजे नोंदवही. जाहीर झालेल्या जमातीतल्या प्रत्येक प्रौढाचे नाव ठाण्याच्या वहीत चढे. त्याने नेमल्या वेळी हजेरी द्यावयाची, दाखल्यावाचून हद्दीबाहेर जावयाचे नाही, आणि मुक्काम हलवावयाचा तर आगाऊ वर्दी द्यावयाची. १९११ च्या सुधारणेने हा कायदा साऱ्या हिंदुस्थानावर पसरला, बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्याने दिला, आणि मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतीत ठेवण्याची सोयही केली. १९२४ साली हे सर्व एका नव्या कायद्यात एकवटले गेले. जेथे जमात जाहीर झालेली नव्हती तेथेही हात बांधलेले नव्हते. फौजदारी संहितेच्या १०९ व ११० या कलमांखाली ज्याच्या उपजीविकेचे साधन सांगता येत नाही किंवा जो सराईत म्हणून ओळखला जातो, अशा इसमाकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेता येई, आणि जामीन मिळाला नाही तर त्याला तुरुंगात बसवता येई. पालातल्या माणसाला जामीन राहणारा खातेदार कोठून मिळावयाचा, हा विचार संहितेने केलेला नव्हता.

वऱ्हाडच्या पोलिसांनी तर या विषयावर ग्रंथनिर्मिती केली. हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्सच्या, म्हणजे वऱ्हाडच्या, पोलीस दलातील मेजर गन्थॉर्प या अधिकाऱ्याने १८८२ साली मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत येथे वावरणाऱ्या तथाकथित गुन्हेगार जमातींवर टिपणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्या कित्येक पोलिसी हस्तपुस्तकांनी आणि जातिवर्णनपर ग्रंथांनी ज्यावर विश्वासून मजकूर उचलला, असे हे लेखन. त्या परंपरेत टाकणकारांविषयी जे आढळते ते पाहण्याजोगे आहे. वऱ्हाडात जोंधळ्याची भाकरी हे मुख्य अन्न, आणि जात्याची तळी दळून दळून गुळगुळीत झाली की पीठ भरडे पडे. तेव्हा टाकणकार येई, अंगणात बसून तळी उलटी पाडी, हातोडी-टाकीने तिच्यावर बारीक खाचा पाडी, आणि मूठभर धान्य घेऊन पुढच्या दाराला जाई. घरच्या बायका त्याच्या येण्याची वाट पाहत. पोलिसी लेखणीला मात्र या धंद्यात घराचा कानाकोपरा न्याहाळून रात्रीच्या घरफोडीची जागा हेरण्याचा बहाणा दिसला. टाकणकारांत चोर नव्हतेच असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. चोर सोनारांत असतात, कारकुनांत असतात आणि पोलिसांतही असतात. पण त्या जातींच्या बाबतीत चोरी ही एका माणसाची कृती मानली गेली, आणि टाकणकाराच्या बाबतीत त्याचा प्रामाणिक धंदाच चोरीचा पुरावा ठरला.

फासेपारध्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. तितर-लावे आणि हरणे फाशात धरावीत, शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडून सावजाच्या जवळ सरकावे, ही त्यांची पिढीजात विद्या. कारंजा, मंगरूळपीरकडच्या माळरानांवर तिला वाव होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही विद्याच गुन्हा झाली, आणि कारंजा-सोहोळचा माळ पुढे काळविटांचे अभयारण्य म्हणून राखला गेला. काळवीट राखलेच पाहिजे, त्याविषयी वाद नाही. परंतु सरकारदरबारी ज्याचे नाव आधीच वहीत होते, त्याचा उरलासुरला निर्वाहही बेकायदेशीर ठरल्यावर त्या वहीला नवी पाने जोडली गेली, एवढे नोंदवणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर या कायद्याची फेरतपासणी करण्यासाठी अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ या दिवशी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. कैकाडी, वडार, रामोशी, कंजारभाट आणि बंजारा यांच्यासह चौदा समाज आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी लोटणारा बंजारा समाज त्यांतलाच, आणि सर्वांत दीर्घकाळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषविणारे वसंतराव नाईक हे याच समाजाचे.

त्या ऑगस्टनंतर चोवीस दिवसही उलटले नव्हते तोच, २३ सप्टेंबर १९५२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, ज्याचे नाव आजही फौजदारी वकिलीची सुरुवात करणाऱ्या प्रत्येकास पाठ असते. हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, आणि वाशिम हे त्याच राज्यातल्या अकोला जिल्ह्याचे तालुक्याचे गाव. म्हणजे ज्या उच्च न्यायालयात वाशिमच्या आरोपीने दाद मागावयाची, त्याच नागपूरच्या उच्च न्यायालयातून हा खटला दिल्लीस गेला होता. नरगुंदकर हे प्रांताचे अबकारी आयुक्त. सिवनी येथील सरकारी दारूभट्टीचा १९४७ ते १९५१ या मुदतीचा मक्ता द्यावयाचा होता, त्यासाठी सीलबंद निविदा आल्या होत्या. आयुक्तांनी त्या घरी नेल्या, त्यांतली एक उघडून तिच्यातले दर मर्जीतल्या मक्तेदारास दाखवले, आणि त्याने त्याहून कमी दराची निविदा मागाहून आत सरकवली, असा फिर्यादीचा आरोप होता. पुढे हे झाकण्यासाठी मागल्या तारखेची बनावट पत्रे तयार केली, आणि ज्या टंकयंत्रावर ती उठवली त्यावर त्या तारखेस ती उठवणे शक्यच नव्हते, असेही म्हणणे होते. नागपूरच्या विशेष मॅजिस्ट्रेटने दोघांना दोषी धरले. सत्र न्यायालयाने कटाचा आरोप काढून टाकला, पण बनावट दस्तऐवजाचा कायम ठेवला. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही.

न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी हा पुरावा एकेक धागा सोडवून तपासला. निविदा घरी नेल्या हे खरे, पण त्या घरी उघडल्या हे कोणी पाहिले? दर जुळतात हे खरे, पण अनुभवी मक्तेदाराला ते दर अंदाजाने बांधता आले नसते काय? आरोपीच्या जबाबातला आपल्याला सोयीचा तुकडा उचलावयाचा आणि उरलेला खोटा म्हणून टाकून द्यावयाचा, हे चालणार नाही. जबाब घ्यावयाचा तर सबंध घ्यावा, नाही तर मुळीच घेऊ नये. टंकयंत्राच्या तज्ज्ञाची साक्ष त्या वेळच्या कलमात बसत नाही, असेही त्यांनी ठरवले. हा एक भाग सर्वोच्च न्यायालयानेच १९९६ मध्ये फिरवला, परंतु निकालाचा गाभा अबाधित राहिला. तो असा की, प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल आणि सारी भिस्त परिस्थितीवर असेल, तेव्हा ती प्रत्येक परिस्थिती आधी निःसंशय शाबीत झाली पाहिजे, आणि त्या सर्वांची साखळी अशी पुरी असली पाहिजे की आरोपीच्या निर्दोषत्वाला सामावणारी एकही वाजवी शक्यता तिच्यात शिल्लक राहू नये. त्यांनी बॅरन आल्डर्सन या इंग्रज न्यायाधीशाने १८३८ साली ज्यूरीला दिलेला इशारा आठवून दिला, आणि त्यात मानवी स्वभावाचे जे निदान आहे ते कोणत्याही तपास अंमलदाराच्या मेजावर काचेखाली ठेवावे असे आहे : सुट्या परिस्थिती एकमेकींशी जुळवण्यात मनाला एक प्रकारचा आनंद होतो, जेथे जुळत नाही तेथे ते जरासे ताणून बसवते, आणि बुद्धी जितकी कल्पक तितकी ती स्वतःला फसवण्याचा संभव अधिक. नरगुंदकर आणि त्यांचे सहआरोपी निर्दोष सुटले.

हे तत्त्व पुढे महाराष्ट्रातल्याच खटल्यांतून वाढीस लागले. १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतले अंतर दाखवले. त्याच निकालात त्यांनी, अपराधी सुटणे हीदेखील न्यायाची विटंबनाच, असे बजावले होते हे मात्र वकीलमंडळी सोयीस्करपणे विसरतात. १९८४ च्या जुलै महिन्यात, पुण्याच्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने नरगुंदकर निकालातली सूत्रे पाच कसोट्यांत मांडली, आणि परिस्थितिजन्य पुराव्याचे पंचशील म्हणून ती रूढ झाली. अबकारी आयुक्त आणि पुण्यातला सुखवस्तू तरुण, यांच्या वाट्याला हे तत्त्व आले. ते त्यांच्या वाट्याला यावयासच हवे होते. बेड्यावरच्या माणसाच्या वाट्याला ते केव्हा आले, हा प्रश्न विचारला की कालगणना पार बिघडते.

कारण कायदा रद्द झाला तरी वही फाटली नव्हती. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयी कायदा केला. त्यात जमातीचे नाव नव्हते, व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांचा हिशेब होता, आणि शब्दशः पाहिले तर त्यात आक्षेपार्ह असे थोडेच निघेल. पण ठाण्याचा शिरस्ता कायद्याच्या कलमापेक्षा चिवट असतो. परिसरात दरोडा पडला, वरून तपासाचा तगादा लागला आणि हाताशी धागा नसला, की पहाटेच्या वेळी गाडी कोणत्या वस्तीवर जावयाची हे कोणी लिहून द्यावे लागत नसे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत राखणीला राहणाऱ्या कुटुंबाच्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि लुटीचा मुद्देमाल म्हणाल तर काही हजार रुपये आणि थोडे दागिने. जे वाचले त्यांच्या साक्षीवर पुढचा सगळा खटला उभा राहिला. थोड्या दिवसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पोलिसांनी धरले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही वाढवून फाशी केली. तीन पायऱ्यांवर तीन न्यायासने बसली होती, आणि सहाव्या वर्षी सहाही माणसे फाशीच्या कोठडीत होती.

२००९ च्या निकालातल्या शिक्षेचे समर्थन ज्या जुन्या निर्णयावर टेकलेले होते, तो निर्णयच विचारपूर्वक दिलेला नव्हता, असे त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने म्हटले. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा सौम्य करावी अशी विनंती केली. हे सहा जण त्या तेरांत होते. सहांतला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे चौकशीत उघड झाले. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही अशा मुलाला तीन न्यायालयांनी फाशी सुनावली होती, आणि त्याचे वय विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

अखेर पुनर्विचार अर्जावर न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली. तेव्हा कागदांत जे सापडले ते विलक्षण होते. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या स्त्रीने विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर पोलिसांच्याच छायाचित्रसंग्रहातून चार इसम ओळखले होते, आणि ते या सहांपैकी कोणी नव्हते. त्या चौघांचा माग काढला गेला नाही, त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले नाही, आणि ही ओळख आरोपींच्या बचावाला उपयोगी पडेल अशा रीतीने न्यायालयापुढे मांडलीही गेली नाही. येथे वहीने आपल्या स्वभावाविरुद्ध जाऊन तपासाला मदत केली होती, पण वहीतला पुरावा नको असलेल्या दिशेला बोट दाखवू लागताच ती मिटून ठेवण्यात आली. आल्डर्सनने सांगितलेले मन ते हेच. जुळते ते घ्यावे, न जुळणारे दृष्टीआड करावे.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले गरीब मजूर आहेत, आणि त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे निकालात स्वच्छ नमूद झाले. दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेशही झाला. आपल्याच फाशीच्या निकालाला दहा वर्षांनी असे उलटे फिरवणे हे कोणत्याही न्यायालयास सोपे नसते, आणि त्याचे श्रेय त्या पीठाला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. मात्र हे श्रेय व्यवस्थेच्या खात्यावर जमा करण्यात अर्थ नाही. २००९ चा निकाल अमलात आला असता, तर २०१९ चा निकाल कोणासाठी वाचला गेला असता?

यानंतर दोन निर्णय आले, तेही येथे नोंदवले पाहिजेत. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ दुर्बल किंवा मागास समाजातला म्हणून कोणाचे नाव ठाण्याच्या टेहळणीच्या नोंदीत चढवू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईच्या एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर तुरुंगांतल्या जातिभेदाचा निकाल देताना, विमुक्त जातींतल्या माणसांना मनमानी अटक होणार नाही याची दक्षता पोलिसांनी घ्यावी, असेही न्यायालयाने बजावले. १८७१ च्या वहीला १५३ वर्षांनी मिळालेली ही उत्तरे होत.

राहिला भरपाईचा प्रश्न. मुझफ्फरपूरच्या तुरुंगात निर्दोष सुटूनही चौदा वर्षे अडकून पडलेल्या रुदुल शाह यास १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ३५,००० रुपये देवविले, तेव्हापासून अशी भरपाई ही न्यायालयाच्या कृपेवर चालत आलेली बाब आहे. नाशिकच्या खटल्यातल्या सहांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा हुकूम राज्य सरकारला झाला. सोळा वर्षांवर वाटले तर वर्षाला ३१,२५० रुपये, आणि महिन्याला २,६०० च्या आसपास. चुकीच्या खटल्याबद्दल हक्काने भरपाई मागता यावी असा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली. १ जुलै २०२४ पासून देशात नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्या वेळी ही शिफारस तिच्यात घेण्याची संधी चालून आली होती. ती घेतली गेली नाही. जुन्या संहितेच्या कलम ३५८ मधली तरतूद नव्या संहितेच्या कलम ३९९ मध्ये तशीच उतरली आहे. तिच्याप्रमाणे पुरेशा कारणावाचून पोलिसांकरवी कोणास अटक करविली गेली, तर अटक करविणाऱ्याकडून त्या माणसाला जास्तीत जास्त १,००० रुपये मिळू शकतात.